एचएमटी तांदूळ कुणाचा?

(चंद्रपूरला पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. दोनचार आकडे मागाहून तपासून घातले.)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. कविता वाचीन, पण नंतर. आधी एका मोजमापाबद्दल बोलायचंय. मी गोदीत काम करतो, शिक्षण दहावी. तेव्हा अर्थशास्त्र शिकवायला आलोय असं कुणी समजू नका. पण मोजणं काय असतं ते गोदीतल्या माणसाला बरंच कळतं. आमचं पोट मोजण्यावर चालतं.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक कात्रण भिंतीवर लावलेलं होतं. राज्यांमध्ये इनोव्हेशन किती चाललंय ते मोजायचं कसं, असा लेख. इनोव्हेशनला सरकारी मराठीत नवोन्मेष म्हणतात. हा शब्द मी आमच्या मुकादमाला सांगितला तर तो म्हणाला, हा कुठल्या बोटीतनं उतरला? मी त्याला सांगितलं, नवीन काही शोधून काढणं. मग म्हणाला, असं बोल की.

तर त्या लेखातली रीत अशी. राज्यातून पेटंटचे अर्ज किती गेले, किती मंजूर झाले, ते मोजायचं. लोकसंख्येनं भागायचं. शेजारी त्या राज्याचं उत्पन्न दरवर्षी किती टक्क्यांनी वाढलं तो आकडा मांडायचा. दोन्ही वर जात असले की राज्य हुशार. दोन्ही खाली असले की राज्य मागास. पेटंट हे डोकं आणि वाढीचा दर हे त्या डोक्याचं पीक, असा एकूण हिशेब.

निती आयोगाचा नवोन्मेष निर्देशांक २०१९ साली पहिल्यांदा निघाला. मोठ्या राज्यांत कर्नाटक पहिलं, तामिळनाडू दुसरं, आपला महाराष्ट्र तिसरा. पुढच्या यादीत महाराष्ट्र दुसरा आला, त्यापुढच्या यादीत परत खाली सरकला. त्या निर्देशांकात पेटंटच्या जोडीला आणखी बरीच मापं आहेत, हे कबूल करतो. पण पेपरात, भाषणात, मंत्र्याच्या तोंडात शेवटी दोनच आकडे उरतात. पेटंट किती आणि वाढ किती टक्के. २०२३-२४ या एका वर्षात देशात एक लाखावर पेटंटं मंजूर झाली तेव्हा ढोल वाजले ते ह्याच आकड्याचे.

मी म्हटलं, बरं. आता ही फूटपट्टी चंद्रपूर-गडचिरोलीवर ठेवू. काय दिसतं? जवळजवळ काहीच दिसत नाही. जंगल दिसतं. मग हुशार लोक निष्कर्ष काढतात, ह्या मुलखातल्या माणसाला नवीन काही सुचत नाही. त्याला योजना द्या, रेशन द्या, प्रशिक्षण द्या.

आता मी तुम्हाला एका तांदळाची गोष्ट सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मला ती फार उशिरा कळली, आणि त्याची मला लाज वाटते.

मुंबईत मी ज्या खानावळीत जेवायचो तिथला भात बारीक आणि मऊ. मालक सांगायचा, एचएमटी आहे, उगाच नाही पैसे घेत. मला वाटायचं घड्याळवाल्या कंपनीनं तांदळाचा धंदा काढला असेल. माझ्या काकाकडे एचएमटीचं घड्याळ होतं, चावीचं. वर्षानुवर्षं मी तो भात खाल्ला, त्या भातावर गोण्या उचलल्या, रात्री कविता लिहिल्या गावकुसाबाहेरच्या माणसावर. आणि ताटातला भात गावकुसाबाहेरच्याच एका माणसानं शोधून काढलाय हे मला माहीत नव्हतं.

त्या माणसाचं नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, तुमच्या नागभीड तालुक्यातलं. शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन एकर-दीड एकर.

१९८३ साल. शेतात 'पटेल-३' नावाचं धान. त्या वाणाला जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाचं नाव होतं, हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या धानात दादाजींना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. तुमच्या-माझ्यासारख्यानं बघितल्याही नसत्या. विळा चालवला असता, पेंढी बांधली असती, काम संपलं असतं. ह्या माणसानं त्या तीन लोंब्या वेगळ्या काढल्या आणि जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध पेरल्या. रानडुकरं येतात म्हणून दहा बाय दहा फुटांची जागा काटे लावून बंद केली. आलेल्यातलं परत निवडलं, परत पेरलं. असं वर्षामागून वर्ष. प्रयोगशाळा म्हणाल तर ती शंभर चौरस फुटांची, भिंती काट्यांच्या.

बियाणं वाढलं. भात शिजवून बघितला तर चांगला, उतारा चांगला. १९९० साली गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं बियाणं नेऊन चार एकरांत पेरलं. माल तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्यानं विचारलं, वाणाचं नाव काय? नाव कुठलं असणार. तेव्हा एचएमटीचं घड्याळ म्हणजे मोठी ऐट. व्यापारी म्हणाला, एचएमटी. झालं बारसं. बाप शेतात होता, बारसं बाजारात झालं.

पुढे हा तांदूळ झाडीपट्टीत पसरला. छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र-तेलंगणापर्यंत गेला. शेतकऱ्यानं शेतकऱ्याला पायलीनं दिला, सोयऱ्यानं सोयऱ्याला दिला, जाहिरात नाही, एजंट नाही. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सरकारनं २०१६ साली बंद करायचं ठरवलं. घड्याळ थांबलं. तांदूळ अजून चालू आहे.

१९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या लोकांनी प्रयोगासाठी पाच किलो बियाणं नेलं. १९९८ साली विद्यापीठानं वाण जाहीर केला: पीकेव्ही-एचएमटी. दादाजींचं नाव त्यात नाही. विद्यापीठाचं म्हणणं असं की शेतकऱ्याचा वाण भेसळीचा होता, आम्ही तो शुद्ध केला, म्हणून आमचा वाण वेगळा. एकतर्फी बोलायला नको म्हणून हेही सांगतो. वाण शुद्ध करणं हे खरंच काम आहे, त्याला शास्त्र लागतं. पण मित्रांनो, शुद्ध हा शब्द आपल्या कानाला कसा लागतो ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. माल आमचा, शुद्धी तुमची, आणि शुद्ध झाल्यावर आमचं नाव पुसलेलं.

मग कौतुक सुरू झालं. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती कलामांच्या हातून. राज्य सरकारचा कृषिभूषण. २०१० साली फोर्ब्ज मासिकानं देशातल्या सात ग्रामीण उद्योजकांत नाव घातलं. सरकारनं दिलेल्या सुवर्णपदकाच्या सोन्यावरून पुढे पेपरात बोंबाबोंब झाली, ते सोनं खोटं निघालं म्हणून. मी त्यात जात नाही. ३ जून २०१८ ला दादाजी गेले. शेवटची वर्षं लकव्यात आणि उपचाराच्या पैशाच्या विवंचनेत गेली.

एक गोष्ट मला फार आवडते. दादाजींनी एकच वाण काढला नाही. एचएमटी धरून नऊ काढले. त्यातल्या एकाचं नाव डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे. एका नावात नांदेड आहे, 'नांदेड हिरा'. पहिल्या वाणाला व्यापाऱ्यानं नाव ठेवलं, मग ह्या माणसाला कळलं की नाव आपणच ठेवायला पाहिजे. तिसरी शिकलेल्या माणसानं तांदळावर सही केली. जबलपूरच्या शास्त्रज्ञाचं नाव वाणाला लागतं तेव्हा कुणाला नवल वाटत नाही. आपल्या माणसाचं लागायला त्याला स्वतःच हात उचलावा लागतो.

आता परत त्या फूटपट्टीकडे येऊ. दादाजींचे नऊ वाण पेटंटच्या आकड्यात किती? शून्य. आणि हे चुकून राहून गेलेलं नाही. आपल्या पेटंट कायद्यातच तसं लिहिलंय. १९७० चा कायदा, त्याचं तिसरं कलम. शेतीची पद्धत: पेटंट नाही. झाडं, बियाणं, वाण: पेटंट नाही. परंपरेनं चालत आलेलं ज्ञान: पेटंट नाही. हे कलम वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट फार चांगलं आहे, त्याचं कारण पुढे सांगतो. पण साधा प्रश्न आहे. शेतकरी जे शोधतो ते कायद्यानं पेटंटच्या बाहेर ठेवायचं, आणि मग पेटंट मोजून सांगायचं की शेतकऱ्याच्या जिल्ह्यात शोध लागत नाहीत. ही कुठली रीत? देवळात येऊ द्यायचं नाही, आणि वर म्हणायचं हा माणूस नास्तिक आहे.

गोदीतलं सांगतो. बोटीतनं माल उतरतो तेव्हा टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. गोणी गेली की रेघ मारतो. संध्याकाळी वहीत लिहिलेलं असतं, अमक्या पार्टीचा माल, इतक्या गोण्या. टॅली बरोबर असते. खोटं काही नसतं. पण कुणाच्या पाठीवरनं गेली ते वहीत नसतं, कारण त्यासाठी वहीत रकानाच नाही. आमच्यातला एक जण एकदा गोणीखाली आला, बरगडी मोडली. त्या दिवशीची टॅलीसुद्धा बरोबर होती. म्हणून मी आकड्याला खोटा म्हणत नाही. मी विचारतो, वहीतले रकाने कुणी आखले?

पेटंटच्या वहीतला पहिला रकाना पत्त्याचा. अर्जदाराचा पत्ता ज्या राज्यात त्या राज्याच्या खात्यात पेटंट. कारखाना इथं, कंपनीचं ऑफिस मुंबईला किंवा दिल्लीला, तर हुशारी मुंबई-दिल्लीची. धूर तेवढा चंद्रपूरचा. दुसरा रकाना कागदाचा. एकट्या माणसाला अर्जाची फी १,६०० रुपये, तपासणीची ४,०००. ही रक्कम फार वाटणार नाही. पण अर्ज लिहायचा कसा? तो वकिली भाषेत, दाव्यांच्या यादीसकट. तो लिहून देणाऱ्या एजंटाची फी वेगळी. मंजूर झाला तर दरवर्षी पैसे भरून जिवंत ठेवायचा, वीस वर्षं. म्हणजे हा आकडा नवीन काय सुचलं ते मोजता मोजता वकील कुणाला परवडतो तेही मोजतो. मग पैसेवाल्या राज्यात पेटंटं जास्त निघाली आणि पंडितांनी म्हटलं पेटंटांमुळे पैसा आला, तर मी विचारीन, उलटं कशावरून नाही?

आपल्याला हे नवं नाही. गावाची शीव महाराला ठाऊक असायची. शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष लागायची, तो चालून दाखवायचा, इथून इथपर्यंत. त्याच्या पायाखालची एक वीतसुद्धा त्याच्या मालकीची नसायची. माहिती त्याची, दप्तर कुळकर्ण्याचं. आता कुळकर्ण्याचं दप्तर कॉम्प्युटरमध्ये गेलंय.

आता दुसरी काठी, वाढीचा दर. ती ह्या दोन जिल्ह्यांत फार मजेशीर चालते. चंद्रपूरला वीज केंद्र आहे, २,९२० मेगावॅटचं. भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंट, बल्लारपूरची कागद गिरणी. ह्यातला टनन् टन कोळसा, युनिटन् युनिट वीज उत्पन्नात मोजली जाते. मोजलीच पाहिजे. पण केंद्रीय प्रदूषण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक वस्त्यांच्या प्रदूषणाचे गुण काढले तेव्हा चंद्रपूर चौथं आलं. ८३.८८ गुण. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि मग आपण. ह्या परीक्षेत आपला नंबर लागला बघा. हे ८३.८८ वाढीच्या दरातून वजा झाले का? नाही. उलट त्या धुरानं छाती भरलेला माणूस दवाखान्यात जातो, बिल भरतो, ते बिल उत्पन्नात मिळवलं जातं. तिकडे एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातलं लोखंड निघतं, ट्रकमागून ट्रक जातात, आकडा वर चढतो. डोंगर किती उणा झाला त्याचा रकाना नाही.

आणि दादाजींचं बियाणं? एका शेतकऱ्यानं दुसऱ्याला पायलीभर दिलं, त्याचा पैसा झाला नाही, म्हणून वाढही झाली नाही. तेच धान गिरणीत गेलं, पिशवीत भरलं, पिशवीवर छाप मारला, दुकानात आलं, की वाढ झाली. म्हणजे दादाजींचा तांदूळ वाढीत आहेच, पण गिरणीवाल्याच्या नावानं, दुकानदाराच्या नावानं. शोधणारा पेटंटमध्ये नाही, उत्पन्नात नाही. दोन्ही चाळण्यांतनं खाली पडला.

आणखी एक उदाहरण देतो, कारण कुणी म्हणेल एका माणसावरून जिल्हा कसा ठरवता. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. २००२ साली राज्याचा मानव विकास अहवाल निघाला त्यात गडचिरोली तळाला होता, मुंबई माथ्यावर. ह्याच तळाच्या जिल्ह्यात अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत एक काम केलं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाला सांभाळायला शिकवलं. बाळ गार पडलं का, दूध ओढतं का, श्वास किती, जंतुदोष झाला तर इंजेक्शन कसं द्यायचं. डॉक्टरांच्या जगात तोपर्यंत असं मानत की हे दवाखान्याबाहेर होणंच शक्य नाही. १९९९ साली लॅन्सेट ह्या मासिकात निकाल छापून आला. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून तीच रीत देशभरातल्या आशांच्या कामात आली. आज मुंबईच्या झोपडपट्टीतली बाई असो की बिहारातली, बाळंतिणीच्या घरी आशा जाते, तिच्या पिशवीत गडचिरोलीची अक्कल आहे. ह्याचं पेटंट? नाही. घेतलं असतं तर गेली असती का गावोगाव? वाचलेलं बाळ वाढीच्या दरात त्या वर्षी दिसत नाही. त्याच्या दुधाच्या डब्याची किंमत दिसते.

आता तुमच्यातला कुणीतरी उठून म्हणेल, आणि म्हणालाच पाहिजे: मग आपणही पेटंट घेऊ या. दादाजींना पेटंट मिळालं असतं तर लकव्याच्या उपचाराला पैसे कमी पडले नसते. मुंबईत आमच्या मित्रांत ह्यावर रात्रभर भांडण झालं. एक जण म्हणाला, सवर्णांनी हजारो वर्षं ज्ञानाला कुंपण घातलं, आता आपल्या हातात कुंपण येतंय तर तुम्ही तत्त्वज्ञान सांगता? त्याचा राग खरा होता. मला लगेच उत्तर सुचलं नाही.

नंतर विचार केला तो असा. पेटंट म्हणजे शोधणाऱ्याला मिळालेलं बक्षीस असं सांगतात. कायद्यानं ते बक्षीस नाही. दुसऱ्याला अडवायचा हक्क आहे. वीस वर्षं, माझ्या परवानगीशिवाय कुणी बनवायचं नाही. ह्या हक्कानं काय होतं ते बघा. बायर कंपनीचं कर्करोगावरचं एक औषध, नेक्सावार. महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजार रुपयांवर. २०१२ साली मुंबईच्या पेटंट कार्यालयानं दुसऱ्या कंपनीला तेच औषध बनवायचा सक्तीचा परवाना दिला, देशातला पहिला. किंमत आली ८,८८० वर. बाकीचे दोन लाख सत्तर हजार औषधाचे नव्हते, कुंपणाचे होते. १९७० च्या कायद्यानं औषधाच्या पदार्थावर पेटंट द्यायचं बंद केलं, फक्त बनवायच्या रीतीवर दिलं. २००५ पर्यंत तसं चाललं. पेटंट कमी म्हणून आपला औषधधंदा मेला का? उलट त्याच काळात उभा राहिला, आणि जगातल्या गरिबाला स्वस्त गोळी मिळाली. पेटंट मोजून हुशारी मोजणाऱ्यानं ही तीस-पस्तीस वर्षं कुठल्या रकान्यात घालायची?

आणि कुंपण घालणारा नेहमी शोधणारा असतो असंही नाही. जखमेवर हळद लावतात हे तुमच्या आजीला ठाऊक होतं. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपीच्या एका विद्यापीठाला त्याचं पेटंट मिळालं. माशेलकरांच्या सीएसआयआरनं भांडून ते १९९७ साली रद्द करवलं. रद्द कशावर झालं? जुन्या छापील कागदावर. आजीच्या हातावर नाही, कागदावर. हे नीट ऐका. लिहिलेलं होतं म्हणून हळद वाचली. ज्यांना लिहूच दिलं नाही, त्यांचं काय काय गेलं असेल त्याची गणती कोण करणार?

म्हणून माझं म्हणणं असं: आपल्याला मालकीचं कुंपण नको, पण नाव पाहिजे आणि वाटा पाहिजे. ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. दादाजींनी बियाणं अडवलं नाही, वाटलं. म्हणूनच ते पाच राज्यांत गेलं. त्यांचं दुःख शेजाऱ्यानं पेरलं ह्याचं नव्हतं. नाव न घेता पेरलं त्याचं होतं, आणि ज्यांनी त्यावर धंदा केला त्यांनी वाटा दिला नाही त्याचं होतं.

ह्यासाठी एक कायदा आहे, आणि आपल्या पोरांना तो ठाऊक नाही. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१. ह्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंद शेतकऱ्याच्या नावानं होते. त्याला नोंदणीची फी नाही. पिकाच्या वाणाला पंधरा वर्षं संरक्षण. आणि बाकीच्या शेतकऱ्यांचा हक्क शाबूत: बियाणं राखा, पेरा, बदला, वाटा, विका, फक्त दुसऱ्याचा छाप मारून विकू नका. कुंपण आहे, पण त्याला दार ठेवलंय. दादाजींनी लोंब्या वेचल्या १९८३ ला, कायदा आला २००१ ला, त्याचं प्राधिकरण उभं राहिलं २००५ ला. पहिल्या माणसाच्या वाट्याला उशीरच येतो. दुसऱ्याच्या वाट्याला यायचं कारण नाही.

तेव्हा हे काम तुमच्यासाठी. आपण मोर्चे काढतो, काढले पाहिजेत. पण नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी ह्या धानपट्ट्यात प्रत्येक गावी एक तरी म्हातारा, एक तरी म्हातारी अशी आहे जी लोंबी बघून वाण सांगते. एक वही घ्या. शंभर पानी, साधी. कुणी काय शोधलं, कुठल्या सालात, कुणाला किती दिलं, साक्षीदार कोण. तारीख घाला, सही किंवा अंगठा घ्या. बियाणं कुणी न्यायला आला, मग तो साहेब असो की विद्यापीठ, त्याची सही घ्या. पाच किलो नेलं तर पाच किलो लिहा. चळवळीतल्या दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना ह्याहून मोठं काम मी सांगू शकत नाही. आपण इतिहासावर भांडतो, पण काल शेजारच्या बांधीत काय झालं ते लिहून ठेवत नाही. त्यात मीही आलो. मी कवितेत रक्त लिहिलं, अंधार लिहिला, तीन लोंब्या कधी लिहिल्या नाहीत.

वहीनं काय होतं म्हणाल, तर धानोऱ्याकडे लेखा-मेंढ्याला जा. गोंडांचं गाव. बसून, वाचून, अभ्यास गट करून त्यांनी वनहक्क कायदा समजून घेतला. २००९ साली गावाच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २०११ साली बांबू वाहतुकीच्या पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. आधी पास फॉरेस्टवाला फाडायचा, आता ग्रामसभा फाडते. बांबू तोच, जंगल तेच. पुस्तक कुणाच्या हातात, एवढाच फरक पडला.

आणि सरकारला, निती आयोगाला, कात्रणातल्या पंडिताला आपण सांगायचं ते एवढंच. मोजा. जरूर मोजा. पण पेटंटच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखा. शेतकऱ्याच्या नावानं नोंदलेले वाण किती. न विकता लोकांत पसरलेले शोध किती. आणि शोधणारा माणूस म्हातारपणी कसा जगला. ह्या तिसऱ्या रकान्यात महाराष्ट्र कितवा येतो ते मला बघायचंय.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब ह्या चंद्रपुरात आले, नागपूरनंतर दोनच दिवसांनी. इथल्या हजारो माणसांनी त्या दिवशी एक ओझं खाली ठेवलं. त्या पिढीतलाच एक माणूस पुढे नांदेडच्या बांधीत वाकून तीन लोंब्या बघत उभा राहिला. मान खाली घालून जगलेल्याला त्या दिसल्या नसत्या, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. त्याचाही रकाना नाही.

आज इथं जेवणात भात आहे म्हणे. कुठला तांदूळ ते विचारा. कुणी एचएमटी म्हणालं तर नाव दुरुस्त करा.

जय भीम.